मिरचीच्या घरातली जुई

नंदुरबारात दिवाळीपासून होळीपर्यंत एकच वास चालतो, मिरचीचा. बाकीच्या वासांनी तोवर गप बसावं. सुरतेकडची गाडी स्टेशनात थांबली की डब्यातली परकी माणसं नाकाला रुमाल लावतात, खोकतात, डोळे पुसतात, आणि आम्ही गावची माणसं त्यांच्याकडे बघून हसतो. मोठे आले नाजूक! आमचं तर घरच मिरचीचं. गावाच्या कडेला आमची पथारी होती, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान, आणि पथारीला लागूनच घर. दारं लावा नाही तर खिडक्या लावा, मिरची आत यायचीच. दुधात तीच, गोधडीत तीच, केसांत तीच. माझ्या आईला आम्ही माय म्हणायचो. आजी मी पाळण्यात असतानाच गेली होती, त्यामुळे घर आणि पथारी दोन्ही मायच्या शब्दावर चालायचं. ती म्हणायची, "मन्हं नाक कधीच मरी गयं, अन मरी गयं तेच बरं."

अशा घरात माझी काकी जुईचा सेंट लावून आली.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. आमची मंडळी मागे कधीतरी गुजरातेतून तापीकाठी येऊन राहिलेली, त्यामुळे सोयरिकी अजून त्या बाजूला व्हायच्या. काकीचं माहेर सुरतेजवळचं. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती, मी आठेक वर्षांची असेन. ती टांग्यातून उतरली तेव्हा पथारीवर बाया मिरचीचे देठ मोडत बसल्या होत्या. सगळ्यांच्या नाकातोंडाला फडकी बांधलेली. त्यातल्या एकीने फडकं खाली ओढलं, हवा हुंगली आणि म्हणाली, "आगं माय वं, हाई काय?" मग दुसरीने ओढलं. पाहता पाहता दहा-बारा जणींनी फडकी सोडली आणि मग सगळ्याच खोकत सुटल्या. नव्या नवरीचं आमच्या घरात असं स्वागत झालं.

सेंटची बाटली बोटभर लांब, हिरवट काचेची, चपटी, वर काचेचंच बूच. तिच्या भावाने सुरतेहून आणून दिलेली. माय तिला अत्तर म्हणायची आणि काकी दर वेळी सांगायची, "अत्तर नही जीजी, सेंट." मायला ती जीजी म्हणायची. रोज अंघोळ झाली की नव्या झाडूची एक काडी बुचापाशी ओली करायची, एका कानामागे टेकवायची, दुसऱ्या कानामागे टेकवायची, की संपलं. ओतणं नाही, चोपडणं नाही. जुईचा वास मोगऱ्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो येतो, जातो, आपण विसरलो की परत येतो. काकीचंही तसंच होतं. घरात असूनही नसल्यासारखी वावरायची, पायात जोडवी होती पण वाजवायची नाही. चूल सारवताना मागून कुणी आलंसं वाटायचं, वळून बघावं तर कुणी नाही, आणि माझ्या परकराच्या ओच्यात गुळाचा खडा. असं करून ती पसार! वर संध्याकाळी मायने विचारलं की गूळ कोणी घेतला, तर हीच सगळ्यांत आधी म्हणायची, "उंदरं लई झायात जीजी."

आधी हसायची आणि मग गंमत सांगायची, त्यामुळे गंमत कुणाला धड कळायचीच नाही, पण सगळे हसायचे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते समोर असले की ती पदर नाकापर्यंत ओढायची आणि पदराआडून हसायची. ती हसली की वास जास्त यायचा, हे मी आजही शपथेवर सांगेन. शेजारणीने एकदा खोचकपणे विचारलं, "कोणत्या झाडनी जुई शे वं ही?" तर म्हणाली, "सुरतना बाटलीना झाडनी. कलम देऊ का?" शेजारीण तोंड वाकडं करून गेली. माय चिडली, पण तीही आत जाऊन हसली. मी पाहिलंय.

माझ्यावर तिचा जीव होता. शाळेतून आल्यावर मला पथारीवर पाखरं हाकायला बसवायचे, आणि मिरचीच्या घरची असून मी शिंकून शिंकून बेजार व्हायचे. काकी ती काडी माझ्या वरच्या ओठावर, नाकाच्या खाली टेकवायची. "आते बठ," म्हणायची, म्हणजे आता बस. मग माझ्या नाकापुढे आधी जुई आणि तिच्या मागे मिरची. मी राणीसारखी बसायचे. दुसऱ्या कुणाला असलं काही सुचलंही नसतं.

आता खोकल्याचं सांगते. मिरचीच्या घरात खोकला म्हणजे काही रोग नव्हे, हे आधी समजून घ्या. आम्ही त्याला ठसका म्हणायचो. सगळे खोकायचे. पाहुणा खोकायचा, मांजर खोकायचं, आबा हिशेब सांगता सांगता खोकायचे. नवी सून तर खोकणारच. आमच्याकडे म्हणच होती की पहिलं वर्ष खोकायचं, दुसरं वर्ष शिंकायचं, आणि तिसऱ्या वर्षी मिरचीनेच आपल्याला बघून शिंकायचं. काकी पहिल्या वर्षी खोकली तेव्हा पथारीवरच्या बाया हसल्या: "अजून मिरचीनी वळख व्हयनी नही नवरीले!" दुसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला, ती माहेरून सव्वा महिन्याचं बाळ घेऊन आली, आणि खोकली. नव्या बाळंतिणीला पुन्हा सवय करावी लागते, असं म्हणाले. होळी झाली तरी खोकली. मग आषाढ आला. पथारीवर चिखल, मिरची औषधाला नाही, आणि काकी खोकतेच आहे. माय म्हणाली, "कोठीमा मागला सालना पोता शेत ना, त्यानी धूळ." एकालाही वाटलं नाही की पोती कोठीत आहेत, ती बसलीय चुलीपाशी, धूळ चालत येते काय! आम्ही मिरचीवाले. छातीतून निघणारा प्रत्येक आवाज मिरचीच्याच खात्यावर टाकायची सवय.

तिचा सेंट त्याच दिवसांत वाढला. काडीवरून तो रुमालावर आला. पांढरे, हातशिलाईचे रुमाल होते तिच्याकडे. त्यांवर दोन-चार थेंब टाकायची आणि रुमाल सतत मुठीत, सतत ओठांपाशी. तोंडही बारीक झालं होतं. शेजारणी म्हणायला लागल्या, सुरतवालीचे नखरे वाढले. मला मात्र ते रुमाल फार आवडायचे. खोटं कशाला बोलू, मी ते चोरायचे. उशीखालून काढायचे, नाकाला लावायचे, परत ठेवायचे.

दिवाळी होऊन पुन्हा मिरची आली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी काकी बाळाला पाजत पडवीत बसली होती. मी तिच्या खोलीत शिरले, उशीखालचा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर दाबला. ओलसर लागला. बघितलं तर मधोमध लाल डाग, कडेला तपकिरी होत चाललेला. आधी मला वाटलं मिरचीचाच. आमच्या घरात लाल म्हणजे मिरची. मग जुईच्या खालून एक दुसरा वास आला, गोडसर, खराब. आणि दारात काकी उभी.

तिने बाळाला खाली ठेवलं. आधी माझे हात धुतले, मग तोंड धुतलं, मग राखेने पुन्हा हात धुतले. माझं कातडं निघेल इतके चोळले. मग माझ्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बेटा, कोणले सांगू नको हां. सांगशी तं मन्हा पोऱ्याले मन्हापाईन लई लेतीन."

माझं बाळ माझ्यापासून काढून घेतील. एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं, हे मलाही कळत होतं. कारण मायच्या माहेरचं आम्हा दोघींना ठाऊक होतं. मायचा भाऊ याच खोकल्याने गेला, त्याच्यामागे त्याची बायको, मग मायची आई. तीन वर्षांत तीन माणसं. माय क्षयाचं नावही घ्यायची नाही, 'राजरोग' म्हणायची आणि लगेच बोटं मोडायची. भाकरी थापता थापता तिनेच एकदा सांगितलं होतं, "तो उंबरा ओलांडी उना का घर खाई टाकस. तशा मानूसले उंबराबाहेरच ठेवो." तेव्हा काकी शेजारी बसून पीठ मळत होती. खाली मान घालून मळत होती.

"काकाले सांग," मी म्हटलं.

"काका आधी जीजीले सांगतीन," ती म्हणाली. तेही खरं. माझा काका गरीब गाय. मिरचीची पोती गाडीने भुसावळला पोचवायची, परत यायचं, आणि जे काही मनात असेल ते वहिनीच्या कानावर घालायचं, हा त्याचा क्रम. बायकोवर जीव नव्हता असं नाही. पण वहिनीला विचारल्याशिवाय त्याने चपलाही बदलल्या नसत्या.

काकीने बेत ठरवला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा भाऊ न्यायला येईल. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जातेच, तिला कोण अडवतो! मग सुरतेत डॉक्टरला दाखवायचं, औषध घ्यायचं, दोन महिने जास्त राहायचं आणि बरं होऊन यायचं. कोणाला कळायचं कारणच नाही. तोवर मी तोंड मिटून बसायचं. मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात असलं ओझं अडकवू नये, हे मी आज म्हणते. पण तिला तरी दुसरं कोण होतं?

ते पाच महिने मी कसे काढले, माझं मला माहीत. काकी खोकली की मी मोठ्याने खोकायचे, तिचा आवाज झाकायला. माय म्हणायची, "हाई पोरगी पन खोकी ऱ्हायनी, यंदानी मिरची तिखट शे." रुमाल मी पथारीच्या विहिरीवर नेऊन धुवायचे आणि वाळत्या मिरचीच्या कडेला पसरायचे. त्या लालीत कुणाला काय दिसणार? घरात सगळे जेवायचे, हसायचे, भांडायचे आणि मला वाटायचं, ओरडावं. ओरडलं तर बाळ जातं, गप्प बसलं तर काकी जाते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मी मध्ये उभी. काकी दिवसेंदिवस हलकी होत चालली. बाळाला अंगावरचं तोडून वाटीने पाजायला लागली, त्याचा मुका घेणं सोडलं, आणि माय म्हणाली, "आईपना नखरामा गया."

चैत्रात पत्र आलं. भावाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, या आखाजीला त्याला यायला जमत नव्हतं. दिवाळीला नक्की येईन, असं लिहिलं होतं. पत्र मीच वाचून दाखवलं, कारण काकीला फक्त गुजराती वाचता यायचं आणि भावाने आबांसाठी म्हणून ते कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलं होतं. माझं वाचून झालं. काकी म्हणाली, "दिवाई. बरं." आणि बाळाचं अंगडं शिवत बसली. मी बोटं मोजली. सहा महिने. मला तिच्या मनगटाकडे बघून कळत होतं की सहा महिने नाहीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या दारच्या निंबाला झोके बांधले. गल्लीतल्या लेकी माहेरी आलेल्या, बाया जमलेल्या, गाणी चाललेली. काका भुसावळला गेला होता. काकी बाळाला कडेवर घेऊन ओट्यावर आली. त्या दिवशी तिने रुमालच काय, पदरही सेंटने भिजवला होता. का ते मला माहीत होतं, सकाळी दोनदा लाल पडलं होतं तिला. पण इतरांना काय! एक बाई दुसरीला म्हणाली, "जुईना मांडवच उना वं." सगळ्या फिदीफिदी हसल्या. आणि मायचं डोकं फिरलं. चार बायांत घराची शोभा झाली की तिचं फिरायचंच. ती सगळ्यांदेखत ओरडली, "नवरा गया भुसावळले, अन बाई सेंटमा न्हाई ऱ्हायनी! कोणासाठे वं? सांग ना, कोणासाठे?"

झोके थांबले. गाणी थांबली. काकीने बोलायला तोंड उघडलं आणि ठसका लागला, तिने रुमाल तोंडावर दाबला. तिला उत्तर देता येत नव्हतं, आणि सगळ्यांना वाटलं की उत्तरच नाही. एक म्हातारी कानावर हात ठेवून "राम राम" म्हणाली. ते "राम राम" मला सोसलं नाही. माझ्या काकीला असलं बोलतात! माझी जीभ सुटली.

"नखरा नाही तो! रक्त पडतं तिला! पाच महिने झाले, रोज पडतं!"

मी शाळेतल्या मराठीत ओरडले. का कोण जाणे. बहुतेक त्या भाषेतलं बोलणं कोणी खोटं मानत नाही म्हणून.

माय चार पावलं पुढे आली आणि काकीच्या कडेवरचं बाळ काढून घेतलं. बस. तेच पहिलं केलं. काकीचा हात जरा वेळ तसाच वाकलेला राहिला, बाळ असल्यासारखा. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला वाटलं होतं मी तिची अब्रू वाचवतेय. वाचवलीही. कोणी पदर तोंडाला लावला, आणि पाच मिनिटांत निंबाखाली कोणी उरलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

काका दुसऱ्या दिवशी आला आणि तिला गाडीने चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही उपाय नव्हता. आता आहे, पण वर्ष-दीड वर्ष लागेल. हे काकाने येऊन सांगितलं तेव्हा मी खूश झाले. उपाय आहे! म्हणजे मी बरोबर केलं. मला वाटलं, संपलं.

मायने काकीचं अंथरूण पथारीवर नेऊन जाळलं. लुगडी जाळली. रुमाल जाळले. मला समोर उभं करून विचारलं, "तू हात लाया का त्या रुमालले?" मी हो म्हटलं. तिने मला एक थोबाडीत दिली आणि लगेच छातीशी धरून गदागदा हलवत रडली. सेंटची बाटली तेवढी जाळता येईना. ती तिने मोरीत उलटी केली. पाऊण भरलेली होती, भावाने पत्रानंतर कुणाबरोबर तरी नवीच पाठवलेली.

मग काय झालं ते सांगते. घरात आठ दिवस जुई. माय राखेने मोरी घासे, फिनेल ओते, उलट उन्हाने ती जास्तच दरवळायची. बाळ तेव्हा दीड वर्षाचं, चालायला लागलेलं. ते उठलं की मोरीकडे जायचं. दाराला धरून आत बघायचं. मोरीत बसायचं, ओल्यात, आणि वाट बघायचं. उचलून आणलं की रडायचं, सोडलं की परत मोरीत. "माय कथी? माय कथी?" आई कुठे, असे दोनच शब्द. चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर मायसुद्धा मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती, बाळ आत, ती बाहेर, आणि दोघंही रडत होती. तिचं नाक मेलं होतं म्हणे! मी तशीच उभी राहिले. तिचा राग करावा की तिच्या मांडीवर डोकं ठेवावं, मला कळेना. नवव्या दिवशी वास गेला. बाळ मोरीकडे जायचं थांबलं. महिन्याभरात ते मायलाच माय म्हणायला लागलं.

मी चिंचपाड्याला एकदाच गेले, काकाबरोबर, मायला न सांगता. लांब पडवी, ओळीने खाटा, समोर झाडं, स्वच्छ होतं सगळं. काकीच्या अंगाला औषधाचा वास होता आणि गाल जरासे भरले होते. मला तिने चार हात लांब बसवलं. "दात किती उनात?" तिने विचारलं. मी सांगितले. "बोलस काय?" मी म्हटलं, तुझं नाव काढतो. धडधडीत खोटं. तिने मान हलवली आणि काकाला म्हणाली, पोरीला ऊन लागेल, लवकर निघा. काकाने पूर्ण वेळ खाटेच्या पायाकडे पाहत घालवला.

दीड वर्षाने ती आली. एकटीच, टांग्याने, हातात बोचकं आणि डॉक्टरांचा कागद. पथारीवर मिरची होती, बाया देठ मोडत होत्या. कोणाच्याही लक्षात आलं नाही ती ओट्यापर्यंत पोचेपर्यंत. तिच्या अंगाला आता कसलाच वास नव्हता. चांगली धडधाकट दिसत होती, मिरचीच्या त्या धुरळ्यात उभी राहूनही एकदा खोकली नाही. मी तिथं होते, मी कान देऊन होते. एकदाही नाही.

मायने तिला ओट्यावरच बसायला सांगितलं. पाणी दिलं, वेगळ्या फुलपात्रात, वरून ओतून. आबांनी कागद वाचला, दोनदा वाचला, म्हणाले, "लिखेल बरोबर शे. बरी व्हयनी म्हणे. काही भ्याव नही." त्यांनी तो मायकडे दिला. मायला वाचता यायचं नाही. तिने तो घडी करून काकीच्या बोचक्यावर ठेवला.

"कागद डाक्टरना शे," ती म्हणाली. "घर मन्हं शे. तीन मानसं मी मन्हा हातघाई मसनमा पोचाडात, बाई. आते मन्हामा दम नही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. काका आतल्या खोलीत होता. मी आत गेले, त्याचा हात ओढला, म्हटलं चल ना बाहेर, चल ना. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. "वहिनी बोलनी ना," तो म्हणाला. माझ्या काकाबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला नको.

बाळ बाहेर आलं. तीन वर्षांचं झालं होतं, हातात मक्याचं कणीस. मायच्या लुगड्याला धरून त्याने विचारलं, "हाई कोण शे?" काकीने हात पुढे केले नाहीत. उलट दोन्ही हात पदरात घेतले, आणि श्वास रोखून, तोंड बाजूला करून, नुसते डोळे त्याच्याकडे ठेवून बसली. डॉक्टरांनी बरी केली होती तिला. ती भीती तिच्यात कोणी घातली होती, आम्हीच ना? बाळाला कंटाळा आला आणि ते कणीस खात आत गेलं.

ती म्हणाली, "बरं जीजी. जास मी."

तिचं बोचकं घेऊन मी स्टेशनापर्यंत गेले. मायने अडवलं नाही. सुरतेकडची दुपारची पॅसेंजर लागायची होती. फलाटावर मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या, आम्ही दोघी त्यांच्या सावलीत. दीड वर्ष एकच वाक्य मी मनात धरून होते, ते तिथं निघालं. मी म्हटलं, "काकी, मी सांगितलं म्हणून हे झालं."

"नही बेटा," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू नही सांगती तं मी मरी जाती."

मी मोकळी झाले. इतकी मोकळी झाले की भोकाड पसरून रडले. तिने मला रडू दिलं. गाडी आली, ती चढली, मी बोचकं वर दिलं, तिला खिडकीची जागा मिळाली. शिट्टी झाली. तिने गजांवर हात ठेवले आणि माझ्याकडे न बघता, गावाकडे बघत ती म्हणाली,

"पन मन्हा घरमा मरती. पोऱ्या जवळ ऱ्हाता."

गाडी हलली. फलाट संपेपर्यंत मी खिडकीबरोबर चालत राहिले.